लेस्टर सिटी विश्रांतीच्या जोरावर जिंकली, विश्रांती टाळून नाही

माझी भाची कॉलेजच्या फुटबॉल संघात खेळते. मांडीचा मागचा स्नायू दुखावल्याने फिजिओने तिला सध्या धावायला मनाई केली आहे. तिच्या संघाच्या ग्रुपवर कुणीतरी एक फॉरवर्ड टाकला, तो तिने मला पाठवला आणि खाली विचारलं, "मावशी, मग मी घरी बसून का राहू?" हाच मेसेज वेगवेगळ्या रूपांत कित्येक वर्षं फिरतोय. आता घरातल्या पोरीच्या पायापर्यंत आला म्हटल्यावर गप्प बसवत नाही.

मेसेजचा सारांश असा: 2016 साली खिशात दमडी नसलेल्या लेस्टर सिटीने इंग्लंडची प्रीमियर लीग जिंकली. ना फिजिओ, ना डाएट, ना सायन्स, फक्त जिद्द. फॅक्टरीतला कामगार थेट मैदानात उतरून स्टार झाला. कोचने सराव सोडून पोरांना पिझ्झा खायला नेलं. राजा रिचर्डच्या अस्थी शहरात पुरल्या आणि नशीब फिरलं. आणि शेवटी ठळक अक्षरांत, 'विश्रांती आळशांसाठी असते.'

आधी हे शेवटचं वाक्य घेते, कारण बाकीचं चुकीचं आहे आणि हे घातक आहे.

त्या मोसमात कोच क्लॉडिओ रानिएरीने संघाचा आठवडा कसा चालतो ते एका इटालियन वृत्तपत्राला स्वतः सांगितलं होतं. शनिवारी सामना. रविवारी सुट्टी. सोमवारी हलका व्यायाम. मंगळवारी कसून सराव. बुधवारी पूर्ण विश्रांती. गुरुवारी पुन्हा कसून सराव, शुक्रवारी सामन्याची तयारी. म्हणजे आठवड्यात दोन दिवस सुट्टी, तीही इंग्लंडच्या सर्वोच्च विभागात पहिल्या क्रमांकावर असताना. 14 फेब्रुवारी 2016 ला आर्सेनलने त्यांना शेवटच्या क्षणी गोल करून 2-1 हरवलं. जेतेपद निसटणार असं सगळे म्हणत होते. त्यावर रानिएरीने काय केलं? जादा सराव लावला नाही, खेळाडूंना आठवडाभर सुट्टी दिली. त्यानंतर लीगचे 12 सामने उरले होते. लेस्टरने 8 जिंकले, 4 बरोबरीत सोडवले, एकही हरले नाहीत.

'ना फिजिओ, ना सायन्स' हे तर सरळ खोटं आहे. क्लबकडे वैद्यकीय आणि फिटनेसची पूर्ण टीम होती. सरावात प्रत्येकाच्या अंगावर जीपीएसचा बनियन असायचा आणि कोण किती धावला, किती वेळा वेग घेतला याची नोंद व्हायची. स्नायू लवकर सावरावेत म्हणून अतिथंड हवेची खोलीसुद्धा होती. परिणाम संघाच्या यादीत दिसतो. कर्णधार वेस मॉर्गन आणि गोलकीपर कॅस्पर श्मायकेल सगळे 38 लीग सामने खेळले. मधल्या फळीतला कान्ते 37, विंगवर खेळणारा महरेझ 37, गोल करणारा आघाडीवीर व्हार्डी 36. जवळजवळ तेच अकरा जण ऑगस्टपासून मेपर्यंत टिकले. दुखापती अंगावर काढून असं होत नाही. जानेवारीत व्हार्डीच्या जांघेची छोटी शस्त्रक्रिया करायची होती, तर ती लीगच्या दोन सामन्यांमधली मोकळी जागा बघून उरकली. त्याचा सगळा खेळ बचावफळीच्या मागे सुसाट धाव घेण्याचा. त्याची मांडी धरली असती तर लेस्टरचा अर्धा हल्ला तिथेच संपला असता.

म्हणून भाचीला सांगितलं, बस घरी. स्नायू पूर्ण भरून यायच्या आत पळालीस तर तो पुन्हा जातो आणि दुसऱ्या वेळी जास्त दिवस खातो. ज्या प्रशिक्षकांनी हा मेसेज पोरांच्या ग्रुपवर टाकला असेल त्यांनी कृपा करून तो काढावा. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना दुखणं लपवायला शिकवू नका.

आता बाकीचं.

खिशात दमडी नसलेला क्लब? 2016 मध्ये संपलेल्या वर्षाचा क्लबचा ताळेबंद उघडा आहे. उत्पन्न 12 कोटी 87 लाख पौंड, पगारावरचा खर्च सुमारे 8 कोटी पौंड. त्या वर्षीच्या उत्पन्नावर लेस्टर जगातल्या पहिल्या वीस श्रीमंत क्लबांच्या यादीत गेलं. मालक थायलंडच्या किंग पॉवर कंपनीचे विचाई श्रीवद्धनप्रभा. त्यांनी 2010 मध्ये क्लब घेतला आणि पुढे त्यात कोट्यवधी पौंड ओतले. इतके, की 2013-14 मध्ये वरच्या विभागात चढताना नियमापेक्षा जादा केलेल्या खर्चाचं प्रकरण 2018 मध्ये 31 लाख पौंड भरून मिटवावं लागलं. एवढं मात्र कबूल करते, की मँचेस्टर युनायटेडचा पगारावरचा खर्च त्याच वर्षी 23 कोटी पौंडांच्या वर होता. त्यांच्या शेजारी लेस्टर लहानच. पण लहान म्हणजे गरीब नव्हे. त्यांनी पैसा डोकं लावून वापरला. खेळाडू हेरणारे स्टीव्ह वॉल्श फ्रान्समध्ये ल हाव्र क्लबचा दुसराच खेळाडू बघायला गेले होते, तिथे त्यांच्या नजरेत महरेझ भरला. तो साधारण 4 लाख पौंडांत आला आणि जेतेपदाच्या मोसमात 17 गोल करून वर्षातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. कान्ते 56 लाखांत आला. हे काम वर्षानुवर्षं दौरे करणाऱ्या जाणकार माणसांचं आहे. ते 'फक्त जिद्द' म्हणून पुसून टाकणं मला अन्यायाचं वाटतं.

जेमी व्हार्डी फॅक्टरीत काम करायचा, हे खरं. 'थेट मैदानात' हे खोटं. शेफील्ड वेन्सडे या क्लबच्या अकादमीतून सोळाव्या वर्षी त्याला काढलं. मग तो स्टॉक्सब्रिज, हॅलिफॅक्स, फ्लीटवूड अशा छोट्या क्लबांच्या पायऱ्या चढत 2012 मध्ये 10 लाख पौंडांना लेस्टरला आला. सलग 11 लीग सामन्यांत गोल करण्याचा विक्रम नोव्हेंबर 2015 चा. मधली तीन वर्षं तो व्यावसायिक क्लबच्या रोजच्या सरावात घडत होता. मेसेजमध्ये नेमकी तीच गायब आहेत.

पिझ्झाची गोष्ट खरी आहे. संघ सलग सामन्यांत गोल खात होता, म्हणून एकही गोल न खाता जिंकलात तर पिझ्झा, असं रानिएरीने कबूल केलं. 24 ऑक्टोबरला क्रिस्टल पॅलेसला 1-0 हरवल्यावर त्याने शब्द पाळला. सराव सोडून वगैरे काही नाही. बक्षीस होतं, आणि ते बचाव सुधारल्याबद्दल होतं. मार्चपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत त्यांनी लागोपाठ चार सामने 1-0 जिंकले, ते या बचावाच्या जोरावर.

राजाचं काय सांगावं! रिचर्ड तिसरा 1485 मध्ये बॉसवर्थच्या लढाईत मारला गेला आणि लेस्टरमध्येच पुरला गेला. 2012 मध्ये पार्किंगच्या जागेखाली सांगाडा सापडला, 26 मार्च 2015 ला कॅथेड्रलमध्ये पुन्हा दफन झालं. तेव्हा संघ तळाला होता आणि त्यानंतर 9 पैकी 7 सामने जिंकून खालच्या विभागात घसरण्यापासून वाचला, एवढ्या योगायोगावर ही कथा उभी आहे. पण फेब्रुवारीतच बचावपटू रॉबर्ट हूथ आला होता आणि तेव्हाचा कोच नायजेल पिअर्सनने मोसमाच्या अखेरीस तीन सेंटर बॅक (मधले बचावपटू) लावून बचाव बदलला होता. शिवाय राजा पाचशेहून जास्त वर्षं त्याच शहराच्या मातीत होता, तेव्हा लीग का नाही मिळाली? आणि 2023 व 2025 मध्ये लेस्टर खालच्या विभागात घसरलं तेव्हाही तो त्याच कॅथेड्रलमध्ये होता.

मेसेजखाली एकाने 'तुक्का, मोठे संघ झोपले होते' असं जोडलंय. यात थोडं तथ्य आहे. चेल्सी त्या वर्षी दहावं आलं आणि डिसेंबरमध्ये लेस्टरकडून हरल्यावर तीनच दिवसांत त्यांचा कोच मोरिन्योची गच्छंती झाली. लेस्टरला 13 पेनल्टी मिळाल्या, हेही बरंच. युरोपातले सामने नव्हते आणि इंग्लंडमधल्या दोन्ही चषक स्पर्धांतून ते लवकर बाहेर पडले, म्हणून सगळे मिळून 43 सामनेच खेळावे लागले. पण लेस्टरचे 81 गुण म्हणजे फुकटचं जेतेपद नाही. 1997 मध्ये मँचेस्टर युनायटेड 75 गुणांवर जिंकलं होतं. फेब्रुवारीत लेस्टरने मँचेस्टर सिटीला त्यांच्याच मैदानावर 3-1 हरवलं. पूर्ण मोसमात फक्त 3 सामने गमावले, आणि त्यातले दोन ज्या आर्सेनलकडून गमावले ते शेवटी 10 गुणांनी मागे राहिलं.