‘बोटांवर मोजण्याइतक्या मुलांसाठी एवढा पैसा कशाला?’ म्हणणाऱ्यांना

एक मजकूर सध्या जो तो पुढे ढकलतोय. म्हणणं असं: मोजक्याच मुलांना होणाऱ्या जीवघेण्या आजाराच्या संशोधनाला वर्गणी देणं म्हणजे पैसा पाण्यात घालणं. वर्गणीतून औषध निघत नाही, निघालं तरी उपयोग मूठभरांना, तोच पैसा लसींवर जास्त जीव वाचवेल, आणि शेवटी गबर होतात त्या कंपन्याच.

वर्गणीतून औषध निघत नाही? प्रोजेरियाचं बघा. साधारण 40 लाख जन्मांमागे एका बाळाला होणारा हा आजार. मूल वाढत्या वयाबरोबर म्हातारं दिसू लागतं आणि औषधाविना सरासरी साडेचौदाव्या वर्षी हृदयविकाराने जातं. 1999 साली लेस्ली गॉर्डन या डॉक्टरबाईंनी, स्वतःच्या मुलाला हा आजार निघाल्यावर, घरच्यांना घेऊन संस्था काढली. तेव्हा यावर ना औषध होतं, ना निदानाची चाचणी. पैसा गेला तो रुग्णांची नोंदवही करण्यात, पेशींचे नमुने साठवण्यात. दिसायला किरकोळ कामं. पण नमुनेच नसतील तर शास्त्रज्ञ तपासणार काय? आणि नेमकी हीच कामं करायला कुठली कंपनी येत नाही.

2003 मध्ये दोष सापडला: एका जनुकातलं एक अक्षर बदललेलं. त्यामुळे बनणारं सदोष प्रथिन पेशीकेंद्राच्या आवरणाला चिकटून बसतं. ते चिकटणं ज्या रासायनिक दुव्यामुळे होतं तो रोखणारं लोनाफार्निब हे औषध कर्करोगासाठी आधीच तयार केलेलं होतं! 2020 साली अमेरिकेत त्याला प्रोजेरियासाठी मंजुरी मिळाली. आयुष्य वाढलं ते सरासरी अडीच वर्षांच्या आसपास. बरं करणारं औषध हे नव्हेच. ज्या मुलामुळे हे सगळं सुरू झालं तो 2014 मध्येच गेला होता. एकवीस वर्षं लागली, हे वर्गणी मागणाऱ्यांनीही लपवू नये.

उपयोग मूठभरांना, हा मुद्दा तर इतिहासच खोडतो. जन्मतःच कोलेस्टेरॉल भयंकर वाढलेलं असण्याच्या एका आनुवंशिक आजाराचं सर्वांत तीव्र रूप लाखांत एखाद्यालाच होतं. त्यातल्या काहींना लहानपणीच हृदयविकाराचा झटका येतो. अशा रुग्णांच्या त्वचेच्या पेशी तपासता तपासता ब्राऊन आणि गोल्डस्टाइन या अमेरिकी शास्त्रज्ञांना पेशी रक्तातलं कोलेस्टेरॉल कसं उचलतात ते उमगलं. 1985 चं नोबेल त्यांना याचंच मिळालं. स्टॅटिनच्या गोळीने कोलेस्टेरॉल का उतरतं, हेही त्यातूनच समजलं. अर्थात हा युक्तिवाद मला फारसा आवडत नाही. एखाद्या मुलाच्या जगण्याला इतरांच्या कोलेस्टेरॉलचा जामीन कशाला हवा?

लसींचं म्हणाल तर खर्चाच्या हिशेबात लसच जिंकते, वादच नाही. पण लग्नाच्या मांडवाला हा हिशेब कुणी लावत नाही. तो नेमका आजारी मुलाच्या आईबापांपुढेच का?

राहिल्या कंपन्या. इथे मजकूर लिहिणाऱ्याचं बरंचसं खरं आहे. पाठीच्या कण्यातल्या चेतापेशी मरत जाण्याच्या एसएमए या आजारावरचं झोल्जेन्स्मा हे औषध 2019 साली आलं ते 21 लाख डॉलर किमतीला, आणि त्यामागच्या सुरुवातीच्या संशोधनात रुग्णांच्या संस्थांचाही पैसा होता. याउलट सिस्टिक फायब्रोसिसच्या (फुप्फुसांत चिकट कफ साचत जाणारा आनुवंशिक आजार, हा तितका दुर्मिळ नाही) अमेरिकी संस्थेने कंपनीला पैसा देतानाच विक्रीतला वाटा लिहून घेतला. 2012 मध्ये त्यातलं पहिलं औषध मंजूर झालं आणि 2014 मध्ये तो हक्क विकून संस्थेला 330 कोटी डॉलर मिळाले. ते पुन्हा कामाला लावता आले. पण औषधाची तेव्हाची किंमत? वर्षाला तीन लाख डॉलरच्या घरात. वाटा मिळाला, स्वस्ताई नाही.

म्हणून वर्गणीचं आवाहन आलं की विचारावं: नोंदवही आणि नमुने इतर संशोधकांना खुले आहेत का? कंपनीशी करार करताना किमतीबद्दल काही लिहून घेणार का? नीट उत्तर आलं नाही तर पैसे खुशाल खिशातच ठेवा.