भाडोत्री म्हणायच्या आधी एकदा ईपरला या, काका

मागच्या आठवड्यात घरच्या ग्रुपवर परत तोच वाद. 2022 च्या जानेवारीत इंडिया गेटची अमर जवान ज्योत युद्ध स्मारकातल्या ज्योतीत विलीन केली तेव्हा झाला होता तोच, की इंडिया गेटवरची नावं इंग्रजांसाठी लढलेल्यांची, मग आपल्याला त्यांचं काय. आमचे एक काका सरळ लिहून मोकळे झाले, "भाडोत्री होते, महिना 11 रुपयांसाठी गेले." 11 रुपये खरंय काका, शिपायाचा पगार तेवढाच होता. पण मी बेल्जियममध्ये राहते, इथून ईपर, पहिल्या महायुद्धातल्या लढायांचं गाव, तासाभरावर आहे आणि ते बघितल्यापासून हा शब्द मला वाचवत नाही.

22 एप्रिल 1915 ला संध्याकाळी पाचच्या सुमाराला ईपरच्या बाजूच्या लांगेमार्कजवळ जर्मनांनी 5,000 च्या वर सिलिंडर उघडले, दीडशे टन क्लोरीन. पहिला तडाखा फ्रेंचांना आणि त्यांनी अल्जिरियातून आणलेल्या जवानांना. क्लोरीन हवेच्या अडीच पट जड असतो, म्हणजे गोळ्यांपासून वाचायला जो खंदक खणला नेमका त्यातच तो उतरून साठतो, जखमी होऊन तळाशी पडलेला आधी मरतो आणि जो वाऱ्याच्या दिशेनं मागे पळतो त्याच्याबरोबर ढगही पळतो. फुफ्फुसात पाणी भरतं, माणूस कोरड्या जमिनीवर बुडतो. शर्टाची पितळी बटणं हिरवी पडायची, मग छातीच्या आत काय होत असेल. अल्जिरियन पळाले असं इकडच्या जुन्या लिखाणात सर्रास सापडतं, वाचून संताप येतो, काय करायला हवं होतं त्यांनी?

आणि चारच दिवसांनी, 26 तारखेला, आपली लाहोर डिव्हिजन त्याच भागात भर दुपारी उघड्या चढावरून पुढे पाठवली. मास्क नव्हतेच. समोरून गॅस आला तेव्हा रुमाल नाहीतर पगडीचं टोक ओलं करून, पाणी नसेल तर लघवीनं, नाकातोंडावर दाबायचं एवढाच उपाय. मीर दस्त नावाचा पठाण जमादार, म्हणजे तेव्हाचा कनिष्ठ हिंदी अधिकारी, अधिकारी पडल्यावर त्यानं उरलेली माणसं सांभाळली, आठ जखमी अधिकाऱ्यांना सुरक्षित जागी आणायला मदत केली, स्वतः गॅस खाल्ला. व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला, पण त्या गॅसचा त्रास काही सुटला नाही. ह्याच डिव्हिजनमध्ये आपल्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या, म्हणजे लष्करातल्या इंजिनिअरांच्या, 20 आणि 21 नंबरच्या कंपन्या होत्या. मी खडकीत वाढले, शाळेच्या रिक्षातून रोज त्या गेटवरून गेले, आणि हे मला कळलं बेल्जियममध्ये येऊन!

ते युद्ध आपलं नव्हतं हे काकांचं म्हणणं मला मान्य आहे, साम्राज्याचा राग मलाही येतो, ज्योत कुठे तेवावी ह्यावर मी भांडणार नाही. पण पगार घेतला म्हणून भाडोत्री? मीपण पगारासाठीच इथे आलेय ना. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीत जाऊन कुणी म्हणून दाखवा, त्या एका गावाचे 46 जण पहिल्या महायुद्धात मारले गेले. ते राजाचे नव्हते, त्यांच्या आयांचे होते, म्हणजे आपलेच.

ईपरच्या मेनिन गेट ह्या युद्धस्मारकावर रोज रात्री आठला बिगुल वाजतं, भिंतीवर हजारो नावांत आपलीही नावं आहेत, ती मी बोट फिरवून वाचली. दुसऱ्या दिवशी लांगेमार्कच्या रस्त्यावर विजेच्या खांबाच्या बुडाशी गंजलेला तोफगोळा ठेवलेला दिसला. नांगरताना निघाला होता. शेतकरी आमच्या मुलाला हातानं मागे सारत म्हणाला, लांब थांब, ह्यातल्या काहींत अजून गॅस आहे, आर्मीची गाडी येऊन नेईल. 110 वर्षं झाली.

काका, डिसेंबरमध्ये मी येतेय. सॅपर्सचं सेंटर तुमच्या घरापासून चालत दहा मिनिटं आहे, आपण दोघं जाऊ आणि त्या दोन कंपन्यांतल्या कुणाची नावं तिथे लिहून ठेवलीत का ते विचारू.