मासेमारीचा वारसा शिकवायचा तो हिशेबासकट

नमस्कार. तुमचा आक्षेप असा, की पारंपरिक मासेमारीची संग्रहालयं आणि प्रात्यक्षिकं म्हणजे समुद्र ओरबाडणाऱ्या धंद्याचं उदात्तीकरण. त्यापेक्षा लोकांना मासे वाचवायला शिकवावं. राग रास्त आहे. उपाय मला पटत नाही, कारण हा वारसा नीट शिकवला तर मासे कसे संपले हे त्यातूनच कळतं.

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या न्यूफाउंडलंडचंच घ्या. तिथला किनारा शतकानुशतकं कॉड माशावर जगला. जुलै १९९२ मध्ये कॅनडा सरकारने तिथली कॉडची व्यापारी मासेमारी बंद केली आणि सुमारे ३०,००० लोकांचा रोजगार गेला. त्याआधी कित्येक वर्षं किनाऱ्यालगतचे छोटे मच्छीमार सांगत होते, की मासा कमी येतोय आणि येतो तोही लहान. समुद्रातल्या माशांच्या साठ्याचे सरकारी अंदाज मात्र बऱ्याच अंशी मोठ्या ट्रॉलरांच्या, म्हणजे जाळं ओढत नेणाऱ्या यांत्रिक बोटींच्या, आकड्यांवर बेतलेले. ट्रॉलर मासा असेल तिथे यंत्राने शोधत जातो, त्यामुळे साठा आटत असतानाही त्याचं जाळं भरत राहिलं. किनाऱ्यावरचं सापळ्यासारखं जाळं एका जागी रोवलेलं असतं. मासा आपणहून आला तरच मिळणार, म्हणून घट तिथे आधी दिसली. जाळ्यांतला हा फरक फलक वाचून डोक्यात शिरत नाही, जाळं हातात द्यावं लागतं. आसातून, म्हणजे जाळ्याच्या छिद्रातून, बोटं घालून कुठला मासा निसटेल आणि कुठला अडकेल हे ज्या मुलाने पाहिलंय, त्याला आसाच्या आकाराचा नियम कशासाठी, हे वेगळं सांगावं लागत नाही.

तुमचं एक म्हणणं मात्र मला पूर्ण मान्य आहे: बहुतेक प्रदर्शनांत पैसा दिसतच नाही. रंगवलेली होडी असते, वादळाच्या कथा असतात, व्यापाऱ्याची वही नसते. न्यूफाउंडलंडमध्ये हंगामाच्या तोंडावर मीठ, पीठ, दोर सगळं व्यापाऱ्याकडून उधारीवर यायचं आणि शेवटी सुकवलेला कॉड देऊन ते फेडायचं. दोन्हींचे भाव तोच ठरवणार. रोख रक्कम बरेचदा हाती पडायचीच नाही. मासा सुकवण्याचं काम बहुतांशी बायका-मुलांचं. चिरून खारवलेला कॉड लाकडी माचांवर पसरायचा, उलटापालटा करायचा, पाऊस दिसला की धावत जाऊन रचून झाकायचा. ऊन कडक लागलं तरी मास पोळायचं आणि प्रत उतरायची. प्रतवारी करणारा मासा हातात घेऊन बघायचा आणि घरादाराच्या मेहनतीचा भाव तिथेच ठरून जायचा. हे वगळून दाखवलेला धंदा मला अर्धाच वाटतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: होडीशेजारी ती वही ठेवा, वहीशेजारी साठ्याचा आलेख ठेवा, आणि समजावून सांगायला त्या धंद्यात आयुष्य घालवलेली माणसं बसवा, रीतसर मानधन देऊन. तुमचा हा आक्षेप तिथे येणाऱ्याने थेट त्यांच्यापुढे मांडावा. माझ्यापेक्षा नेमकं उत्तर त्यांच्याकडे असतं.