सत्कारमूर्तींना काही प्रेमळ सूचना

अभिनंदन! शेवटच्या सेमचा निकाल लागला, तिसऱ्या सेमपासून मानगुटीवर बसलेला गणिताचा एम-थ्री एकदाचा सुटला आणि तुम्ही रीतसर इंजिनिअर झालात. किंवा बी.एस्सी. झालात. तुमचंही अभिनंदन, पण तुमच्याकडे शेवटी येतो, कारण सगळे तसंच करतात.

आता महिनाभर तुमचे सत्कार होतील. सोसायटीत एक, ज्ञातिमंडळात एक, गणपतीच्या मांडवात एक. चौकात फ्लेक्स लागेल. त्यावर तुमचा फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा आणि ‘भावी नगरसेवक’ पुरुषभर उंच असतील. ते भावीच राहणार असल्यामुळे तेवढं चालवून घ्या. तुमची शाखाही बहुतेक चुकलेली असेल. मेकॅनिकलचं केमिकल झालं म्हणून तावातावानं फ्लेक्सवाल्याकडे जाऊ नका. तो विचारेल, ‘काय फरक पडतो?’ चार वर्षं शिकूनही त्याला पटेल असं उत्तर तुम्हाला देता येणार नाही आणि सत्काराआधीच आत्मविश्वास ढासळेल.

सत्काराला पोटभर खाऊन जा. ‘गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव’ म्हटलं की चौथीच्या स्कॉलरशिपपासून सुरुवात होते. दहावीला शहाण्णव टक्के मिळवलेल्या मुलीला टाळ्यांचा कडकडाट होतो. त्यानंतर दोन तासांनी तुमचं नाव येतं, तेव्हा मागच्या रांगा जेवायला उठलेल्या असतात. शाल अंगावर टाकतील ती तशीच राहू द्या, फोटो होईपर्यंत खाली घसरू देऊ नका. नारळ मात्र हातात घट्ट धरून ठेवा. नारळ मोजून आणलेले असतात आणि ऐनवेळी दोन माजी पदाधिकारी वाढतात, की एखादा कार्यकर्ता हळूच तुमच्यामागे येऊन उभा राहतो.

प्रमुख पाहुणे शिक्षणसम्राट असण्याचा संभव मोठा. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. त्याआधी आपल्याकडची पोरं डोनेशन भरायला कर्नाटकात जायची. तो प्रवासखर्च वाचला. पाहुणे त्या क्रांतीचे शिलेदार असतात आणि भाषण दहावीच्या मुलांसाठी तयार करून आणलेलं असल्यामुळे ‘तुम्हीही उद्या डॉक्टर-इंजिनिअर व्हा’ असा आशीर्वाद तुम्हालाही देतात. ‘झालोय’ असं ओरडू नका.

भाषणात मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या येणारच. रेल्वेच्या बदललेल्या आवाजावरून पुढचा रूळ तुटलाय हे ओळखून त्यांनी साखळी ओढली, ही गोष्ट तुम्ही कॉलेजात दर १५ सप्टेंबरला, त्यांच्या जयंतीच्या इंजिनिअर्स डेला, ऐकली आहे. पुन्हा ऐका. विश्वेश्वरय्या पुण्याच्याच सायन्स कॉलेजात, म्हणजे आजच्या सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठात शिकले. पुण्याला पाणी देणाऱ्या खडकवासल्याच्या धरणाला त्यांनी आपोआप उघडणारे दरवाजे बसवले, तेही १९०३ मध्ये. पाणी ठरलेल्या पातळीच्या वर चढलं की दरवाजे आपले आपण उघडायचे, पूर ओसरला की मिटायचे. धरणाची भिंत न वाढवता साठा वाढला. यातलं काहीही पाहुणे सांगणार नाहीत, आणि तुम्हीही मध्येच हात वर करून सांगू नका. हॉलच्या नळाला पाणी कुठून येतं हे लोकांना कळलं तर समारंभाचं गांभीर्य जातं.

खरी परीक्षा त्यानंतर, वेफर्स आणि पेढ्याच्या टेबलाशी. ‘मग, पुढे काय?’

हे विचारणाऱ्या काकांना तुमची योजना ऐकायची नसते. त्यांना एक आकडा हवा असतो किंवा एका देशाचं नाव. त्यामुळे खरं उत्तर कधीही देऊ नका. विशेषतः या चार वर्षांत एखादा विषय तुम्हाला चुकून आवडला असेल, तर ते घरातही कोणाला कळू देऊ नका. ‘मला फ्लुइड मेकॅनिक्स आवडतं, पंपांवर काम करायचंय,’ असं आमच्या बिल्डिंगमधल्या एका मुलानं चारचौघांत सांगितलं. तेव्हापासून बायका त्याच्या आईला जिन्यात गाठून हळू आवाजात विचारतात, ‘आता कसा आहे?’

कॅम्पसमधून प्लेसमेंट झाली असेल तर प्रश्नच मिटला. फक्त आकडा वर्षाचा सांगा, महिन्याचा कधीच नाही. साडेतीन लाखांचं पॅकेज म्हटलं की काकांची मान डोलते. त्या साडेतीन लाखांत काय काय बसवलंय हे त्यांना सांगू नका. कंपनीनं भरायचा पीएफ त्यातच असतो, तुमच्या पगारातून कापायचा पीएफही त्यातच. पाच वर्षं टिकलात तर मिळणारी ग्रॅच्युइटी असते, विम्याचा हप्ता असतो आणि ‘व्हेरिएबल’ असतं, जे कधी मिळतं तर कधी वर्ष वाईट गेल्याची मेल मिळते. राज्य सरकार व्यवसाय कर म्हणून दरमहा २०० रुपये घेतं आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे बरोबर २,५०० होतात. सगळ्यात कमी दिवसांच्या महिन्यात सगळ्यात जास्त कर, हे ज्याला सुचलं त्याचा सत्कार झाला की नाही, माहीत नाही. हातात पडतात चोवीस-पंचवीस हजार. त्यात वाकडला टू बीएचकेत पाचवा पार्टनर म्हणून एक गादी, दोन वेळचा डबा आणि भूमकर चौकातल्या ट्रॅफिकमध्ये रोज सकाळी फुकट मिळणारं आत्मचिंतन, एवढं आरामात बसतं.

काम बहुधा सॉफ्टवेअरचं असतं, मग तुमची शाखा कोणतीही असो. सिव्हिलवाल्यानं हिंजवडीच्या बसमध्ये उभं राहून, या रस्त्याचा उतार कुठे चुकलाय आणि पाणी का तुंबतंय हे खिडकीतून नीट पाहावं, आणि मग ऑफिसात जाऊन अमेरिकेतल्या कुठल्याशा बँकेची स्क्रीन तपासावी. देशात कामाची वाटणी अशीच झाली आहे आणि रस्ता ज्यांनी केला ते कोण होते हे विचारायचं नसतं.

ऑफर लेटर आलं आणि जॉइनिंगची तारीख आली नाही, तर पेढे आधी वाटून टाका. तारीख पुढे गेली तरी पेढे परत मागितल्याचं ऐकिवात नाही.

एमएसला जाणाऱ्यांचं सगळ्यात सोपं. ‘यूएस’ एवढं म्हणा आणि दुसरा पेढा उचला. बँकेनं बाबांचा फ्लॅट तारण घेतलाय, हे तपशील टेबलाशी नकोत. शिकून झाल्यावर एक वर्ष आणि विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना वर आणखी दोन, असं तिथे नोकरी करता येतं. त्यानंतर नोकरीचा एच-वन-बी व्हिसा. जागा वर्षाला ८५,०००, मागणारे त्याहून कितीतरी जास्त, म्हणून सोडत. म्हाडाच्या सोडतीवर वाढलेल्या पिढीला हे नवं नाही. फक्त म्हाडा दरवर्षी अनामत परत करते. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रम्प यांनी नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क लावलं, तेव्हापासून काही काकांनी ‘जर्मन चांगलं आहे का तुझं?’ असं विचारायला सुरुवात केली आहे. हो म्हणा. त्यांना कुठे येतंय.

काहीच ठरलं नसेल तर ‘एमपीएससी करतोय’ म्हणावं. हे उत्तर पाच-सहा वर्षं सहज टिकतं. सदाशिव पेठेत कॉट आणि अभ्यासिकेत खुर्ची घेतली की कोणी त्रास देत नाही, उलट ‘साहेब’ म्हणायला लागतात. २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली म्हणून घाबरू नका. तुमची तयारी इतर कोणापेक्षाही जास्त आहे. आठवा ती सबमिशनच्या आदल्या दिवशीची रात्र. दोन स्टुलांवर काच ठेवलेली, खाली बल्ब, काचेवर टॉपरची ड्रॉइंग शीट, तिच्यावर तुमची कोरी शीट चिमट्यांनी धरलेली, आणि तुम्ही पहाटे चारपर्यंत जीटी, म्हणजे ग्लास ट्रेसिंग, मारताय. टॉपरनं तो आडवा छेद स्वतः त्याच काचेवरून काढलेला, त्याच्याआधी सीनियरनं, त्याच्याआधी त्याच्या सीनियरनं. कुठल्या तरी मूळ पुरुषानं एक रेष चुकवली होती ती चूकही सगळ्यांनी जशीच्या तशी उतरवली, आणि सरांनी त्याच रेषेवर सही केली. प्रशासनात जायला आणखी काय यावं लागतं?

स्टार्टअप काढणार असाल तर आधी लग्न ठरवून घ्या. एवढंच सांगतो.

आता बी.एस्सी.वाले. तुमच्यासमोर आल्यावर अभिनंदन करायचं की सांत्वन, हे लोकांना कळत नाही, म्हणून ते ‘नीटला किती होते?’ असं विचारून वेळ मारून नेतात. खरा आकडा सांगून टाका, त्यांना बरं वाटतं.

फिजिक्सवाल्यानं चुकूनही खगोलशास्त्राचं नाव काढू नये. आपल्या नारायणगावजवळ खोडदच्या परिसरात ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत, मोठ्या तरंगलांबीच्या रेडिओलहरी टिपणारी ही जगातल्या नावाजलेल्या दुर्बिणींपैकी एक दुर्बीण आहे आणि तिथे काम करायला परदेशातून शास्त्रज्ञ येतात. हे सगळं सांगून झाल्यावर मामा विचारतील, ‘नारायणगावात? टोमॅटोच्या मार्केटपाशी?’ तमाशाच्या राहुट्यांवरून एक विनोद होईल. मग तुमच्या आईकडे पाहून म्हणतील, ‘बी.एड. करून ठेव म्हणावं.’

नेटची परीक्षा होऊन जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची फेलोशिप, मिळालीच तर दरमहा ३७,००० रुपये मिळतात. वर सांगितलेल्या साडेतीन लाखांच्या पॅकेजवाल्याच्या हातात पडतात त्याहून हे जास्त आहेत. पण हे कोणाला सांगून उपयोग नाही. ‘फेलोशिप’ म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर अनाथाश्रमाला देणगी देतानाचे भाव येतात. पैसे दर महिन्याला येतातच असं नाही, हेही त्यांना कुठून तरी कळलेलं असतं. सरकारचा २०२०-२१ चा आकडा सांगतो की देश संशोधनावर जीडीपीच्या ०.६४ टक्के खर्च करतो. मामाला दोष देऊ नका, तो राष्ट्रीय सरासरीला धरून वागतोय. पीएच.डी. झाल्यावर तासिका तत्त्वावर शिकवायला मिळेल. तिथे परीक्षेच्या नि सुट्टीच्या महिन्यांत तास नसतात म्हणून पैसेही नसतात. शिकवण्यातला निरपेक्ष आनंद म्हणतात तो हाच असावा.

आणि शिकलेलं वापरून दाखवायचा मोह टाळा. आमच्या ओळखीची एक मुलगी बॉटनी घेऊन बी.एस्सी. झाली. पहिली आली होती, म्हणून मंडळानं बोलावलं. तिला गुच्छ दिला. गुलाब, हिरवी पानं, आणि मध्ये मध्ये खोचलेली बारीक पांढरी फुलं. तिनं गुच्छ जवळ नेला, एक काडी उपसली, पानांची कातर पाहिली आणि ‘दोन शब्द’ बोलायला माईक हातात येताच म्हणाली, ‘हे गाजर गवत आहे. ज्यांना दमा किंवा अ‍ॅलर्जी आहे त्यांनी गुच्छ लांब ठेवा. या गवताची आपल्या देशातली नोंद १९५०च्या दशकात आपल्या पुण्यातच झाली होती.’ स्टेजवर सात मान्यवर सात गुच्छ मांडीवर घेऊन बसले होते. अध्यक्षांनी आपला गुच्छ हळूच शेजारच्या खजिनदारांच्या मांडीवर सरकवला. खजिनदारांना त्याच क्षणी शिंक आली, आणि मग येतच राहिली. निवेदकानं प्रसंगावधान राखून राष्ट्रगीत सुरू केलं, ते मध्यंतरालाच. फुलांचं कंत्राट अध्यक्षांच्या मेव्हण्याचं होतं. वक्तृत्वाचं बक्षीस मिळालेला मुलगा ‘विज्ञान शाप की वरदान’वर बोलणार होता, त्याचं भाषण राहून गेलं. मुलीच्या आईनं घरी आल्यावर एवढंच विचारलं, ‘नुसतं थँक्यू म्हणता येत नव्हतं?’

पुढच्या वर्षी मंडळानं गुच्छ बंद करून तुळशीची रोपं दिली. हा बदल कोणामुळे झाला, याचा उल्लेख अहवालात नाही.

एवढं सगळं सांभाळलंत की उरते ती कागदपत्रं. ‘नो ड्यूज’चा फॉर्म घेऊन लायब्ररी, जिमखाना, वर्कशॉप, होस्टेल अशी प्रदक्षिणा घाला. ज्या लॅबमध्ये चार वर्षांत दोनदा गेलात, तिथल्या असिस्टंटला तुमच्या नावावर असलेली एक मोजपट्टी अचूक आठवेल. पैसे भरा, वाद नको. पदवीसाठी अर्ज वेगळा, त्याची फी वेगळी, आणि ती हातात येईपर्यंत प्रोव्हिजनलवर भागवा.

मूळ प्रमाणपत्र हातात पडलं की ते लॅमिनेट करू नका. परदेशी पाठवायचं झालं तर लॅमिनेट केलेल्या कागदावर अपोस्टिलचा, म्हणजे परदेशात कागद खरा धरला जावा म्हणून लागणारा, सरकारी शिक्का मारत नाहीत आणि ते सोलायला गेलं की विद्यापीठाचा कागदही सोबत निघतो. हे तुमच्या वडिलांना आजच सांगा. पोस्टमन दुपारी येतो, तुम्ही संध्याकाळी याल, आणि झेरॉक्सचं दुकान खालीच आहे.