कसदार जमीन दुसरीकडे “तयार” करता येत नाही

एक दावा सध्या जोरात फिरतोय: “रीजनरेटिव्ह शेतीने कुठलीही जमीन तीन-चार वर्षांत कसदार होते. मग सुपीक जमिनीवर इमारती उभ्या राहिल्या तर बिघडलं काय? शेती माळावर न्या. माती सुधारणं शेतकऱ्याचं खासगी काम, जमीन वापराच्या आराखड्यात ते कशाला?” रीजनरेटिव्ह शेती म्हणजे मातीचा कस परत आणणारी शेती. मी याच शेतीचा समर्थक आहे, म्हणून तर तिचं नाव असं वापरलेलं जास्त खुपतं.

“कुठलीही जमीन”? आच्छादन पिकं, कमी मशागत, फेरपालट, शेणखत यांनी माती भुसभुशीत होते, पाणी मुरतं, हे खरंच. पण या उपायांनी वाळू-चिकणमातीचं प्रमाण, मातीची खोली आणि उतार बदलत नाहीत. वीतभर मातीखाली खडक असेल तर कितीही कंपोस्ट घाला, मुळांना जागा कुठे आहे?

“तीन-चार वर्षांत”? इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रात १८४३ पासून चालू असलेल्या गव्हाच्या प्रयोगात एका पट्ट्याला दरवर्षी हेक्टरी ३५ टन शेणखत मिळतं. तिथला सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या जैविक पदार्थांतून मातीत साठलेला कार्बन, दुपटीहून जास्त झाला, पण ती वाढ अनेक दशकांची आहे. एवढं खत सगळ्या माळांना पुरवणार कोण? आणि इमारतीखाली दबलेल्या मातीवर तर कुठलीच शेतीपद्धत चालत नाही.

“खासगी काम” हा मुद्दा सर्वांत घातक. शहराच्या कडेला शेत असलेल्या माणसाला पाच वर्षांत प्लॉट पडणार असं दिसत असेल, तर तो बांधावर झाडं लावेल का? खंडाने कसणारा शेणखतावर पैसे घालेल का? माती सुधारायला लागणारी वर्षं त्याच्या हाती असतील की नाही, हे आराखडाच ठरवतो. अमेरिकेत ओरेगॉनने १९७३ च्या कायद्याने प्रत्येक शहराला वाढीची सीमा आखायला लावली; सीमेबाहेरची शेतजमीन शेतीसाठीच राखली जाते. शिवाय वरच्या रानातली माती वाहिली की खालचा तलाव गाळाने भरतो. मग ते खासगी कसं राहिलं?

म्हणून रस्ते आखण्याआधी मातीचा नकाशा टेबलावर हवा. खोल मातीचे सलग पट्टे तोडू नका, ओढ्याकाठी झाडोऱ्याची पट्टी राखा, खंडाचे करार लांब मुदतीचे करा. आणि शहराच्या ओल्या कचऱ्याचं कंपोस्ट करायची जागा त्याच शेतांच्या जवळ नकाशावर दाखवा, म्हणजे खत वाहून नेणं शेतकऱ्याला परवडेल.