ग्रुपमध्ये ब्रेक दाबू नका, असं का म्हणालो

नमस्कार. ग्रुपने एका ओळीत सायकल चालवताना ब्रेकला हात लावू नका, असं मी माझ्या लेखात लिहिलं होतं. त्यावर ‘ब्रेकला हात लावू नका हा सल्ला जीवघेणा आहे, घाटात कुणी तो पाळला तर सरळ दरीत जाईल,’ असं तुम्ही लिहिलंत. घाटाबाबत तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. घाटाचं मी वेगळं लिहायला हवं होतं. चूक माझी.

सपाट रस्त्याबाबत मात्र मी ठाम आहे. शिरवळच्या अलीकडे आम्ही आठजण एका ओळीत चाललो होतो, वेग तिशीच्या पुढे. मी दुसरा. पुढच्या चाकाच्या फार जवळ गेलो म्हणून ब्रेक दाबला, जेमतेम क्षणभर. मागच्याने जरा जास्त दाबला, त्याच्या मागच्याने आणखी. सहाव्याचं पुढचं चाक पाचव्याच्या मागच्या चाकाला घासलं आणि पोरगा कोपरावर आपटला. आवाज येईपर्यंत मला पत्ताही नव्हता. ताशी 36 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 10 मीटर, आणि आपण चालतो मीटरभर अंतराने. मागच्याला सावरायला वेळ मिळणार कुठून?

म्हणून वेग आधीपासून, थोडाथोडा उतरवायचा. पुढच्याच्या फ्रीव्हीलची (पाय थांबले तरी मागचं चाक फिरू देणाऱ्या दातेरी चक्राची) टिकटिक सुरू झाली की समजायचं, त्याने पाय थांबवले. आपण पेडलवरचा जोर काढायचा, पाय मात्र फिरते ठेवायचे. तेवढ्याने भागलं नाही तर पाठ ताठ करून छातीवर वारा घ्यायचा, किंवा वीतभर बाजूला होऊन त्याच्या आडोशातून बाहेर यायचं. बाजूला होताना आपलं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाच्या बरोबरीला येऊ द्यायचं नाही. बहुतेक जण पडतात ते इथेच. तरीही ब्रेक लागलाच तर हलका, आणि ‘स्लो’ असं मोठ्याने ओरडून. कुत्रं आडवं आलं तर अर्थात जोरात दाबा.

आता घाट. पाचगणीहून पसरणी घाट उतरताना वाऱ्याच्या भरवशावर राहता येत नाही. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर चौपट होतं. तिथे ओळ मोडायची, दोघांमध्ये पंचवीस-तीस मीटर ठेवायचे, आणि वळणाआधी, सायकल सरळ असतानाच, दोन्ही ब्रेकनी वेग उतरवून घ्यायचा. वजनदार गडी उतारावर आपसूक जोरात येतो, त्याला आधी जाऊ द्यावं.

आज रात्री मूळ लेखात घाटाचा परिच्छेद घालतो. पसरणीतल्या वळणांबद्दल तुम्हाला आणखी काही सुचत असेल तर त्याआधी जरूर कळवा.