बॉनेटवरचे बिबडे

आमच्या अंगणातल्या निंबाखाली फियाट लागली ती 2006 च्या दिवाळीत, आणि त्यानंतर 18 वर्षं तिथून हलली नाही. या 18 वर्षांत ती जेवढी उपयोगी पडली तेवढी चालती असताना कधीच पडली नव्हती. उन्हाळा लागला की बॉनेटवर बिबडे (आमच्याकडचे ज्वारीचे पापड), टपावर मिरच्या, डिकीवर कुरडया. आमच्या खान्देशात मे महिन्यात पारा 45 ला टेकतो. त्या उन्हात तापलेला पत्रा बिबड्याला एका दिवसात असा कडक करतो की खाटेवर तीन दिवस पडलेल्या बिबड्यालाही ते जमायचं नाही. मागच्या सीटवर मांजरीची चार बाळंतपणं झाली. पुढच्या सीटवर बसून शेजारच्या पोरानं दहावीचा अभ्यास केला आणि तो पासही झाला. गल्लीतल्या बाया संध्याकाळी कडीशी येऊन विचारायच्या, "वहिनी, उद्या फियाट रिकामी से का?"

इतक्या सुरळीत चाललेल्या संसारात मला ती गाडी दुरुस्त करायची बुद्धी झाली.

गाडी 1975 ची, प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली. कागदोपत्री नाव पद्मिनी. हे नाव 1974 पासूनचं. त्याआधी तिला प्रेसिडेंट म्हणायचे, त्याहीआधी डिलाइट. पण अमळनेरात पद्मिनी कुणाच्या तोंडी बसलं नाही. आमच्याकडे त्या सगळ्या फियाटच, जसं कुठलंही वनस्पती तूप म्हणजे डालडा.

वनस्पती तुपाचा विषय निघालाच आहे, तर घरातलं दुखणं सांगून टाकतो. 1945 साली महंमद हाशम प्रेमजींनी आमच्या अमळनेरात वनस्पती तेलाचा कारखाना काढला. तीच पुढे विप्रो. गावात ज्यांनी जुन्या काळी तिचे शेअर घेतले आणि विकायचा आळस केला, त्यांच्यातले काही आज कोट्यधीश आहेत. 1981 साली आमच्या नानांच्या, म्हणजे वडिलांच्या, हातात कापसाचे 22 हजार आले. दोस्तानं सांगितलं, शेअर घे. नाना म्हणाले, "शेअरवर बशीसन लगीनले जाता येस का?" आणि त्यांनी एका डॉक्टरांची सहा वर्षं वापरलेली फियाट घेतली. माझी बायको या 22 हजारांचा हिशेब दर पाडव्याला नव्यानं मांडते. मी गाडीसाठी 10 रुपयांचा नट आणला तरी तो किती कोटींना पडला हे तिच्याकडे तयार असतं.

2024 च्या दिवाळीत मी जाहीर केलं, की येत्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, बहीण माहेरी येईल तेव्हा तिला स्टेशनवरून नानांच्या गाडीतून आणायचं. बायकोनं एवढंच विचारलं, "आणि बिबडे?"

मिस्तरी शोधायला महिना गेला. आताची पोरं गाडीला लॅपटॉप लावतात. आमच्या गाडीला लावायचं म्हटलं तर तो बॉनेटवर वाळत घालावा लागला असता. शेवटी एक चाचा मिळाले. वय सत्तरीपुढचं, धंदा केव्हाच सोडलेला, पान्यांचा डबा मात्र खाटेखाली जपून ठेवलेला. त्यांनी बॉनेट उघडलं, अर्धा तास काही न बोलता पाहिलं, मग म्हणाले, "इंजिन चांगलंय भाऊ. फक्त फिरत नाही."

नाना गेले तेव्हा दवाखान्यातही त्यांच्या हृदयाबद्दल साधारण हेच ऐकलं होतं, म्हणून मी जरा धसकलो. पण चाचांनी चारी प्लग काढले, प्रत्येक भोकात डिझेल ओतलं आणि सांगितलं, "आठ दिवस हात लावायचा नाही." आठ दिवसांनी गाडी चौथ्या गिअरात टाकून मागे-पुढे हलवायची होती. म्हणजे चाकांनी आतलं इंजिन ओढायचं. गिअर स्टिअरिंगच्या दांडीवर. चौथा नेमका कुठे, यावरच गल्लीत दोन पक्ष पडले. हलवायला सहा पोरं, हलवू नका म्हणायला अकरा माणसं. चाकांत हवा टिकेना, म्हणून एकजण सायकलचा पंप घेऊन या चाकाकडून त्या चाकाकडे पळत होता. तासाभरानं आतून 'कट्ट' आवाज आला. बायको घरातून ओरडली, "काय मोडलं?"

"मोडलं नाही ताई," चाचा म्हणाले, "सुटलं."

त्या दिवशी मी गल्लीला चहा पाजला. तेवढ्यात गाडी चालू झाली असं समजून समोरचे आप्पा शर्ट घालून आले, आणि ती नुसतीच 'फिरायला लागली' हे कळल्यावर शर्टाची बटणं काढत घरी गेले. तेव्हापासून रोज सकाळी दात घासता घासता त्यांचा एकच प्रश्न, "काय भो, कव्हय निंघी तुम्हनी गाडी?"

कार्बोरेटर मी स्वतः साफ केला. घरच्या परातीत पेट्रोल घेऊन बसलो. ती परात पुन्हा घरात घेतली गेली नाही, मला तरी दोन दिवसांनी घेतलं. कार्बोरेटरमध्ये जेट नावाची पितळी वस्तू असते. आकार हरभऱ्याच्या दाण्याएवढा, मधे आरपार भोक, त्यातून डोक्याचा केसही कुरकुरत जावा. सगळं पेट्रोल त्या भोकातून इंजिनात जाणार. मी झाडूची काडी घेतली तर चाचांनी ती हिसकावली. तारही चालत नाही, भोक मोठं झालं की गाडी पेट्रोल प्यायला लागते. फक्त फुंकायचं. जेट ओठांत धरून मी फुंकत राहिलो, गाल दुखेपर्यंत. 18 वर्षांचा चिकटा सुटायला तयार नव्हता. सुटला तेव्हा तो बाहेर न जाता उलटा माझ्या तोंडात आला. दोन दिवस भाकरीचा घास घेतला की आधी पेट्रोल लागायचं, मग ठेचा.

पॉइंटचं, म्हणजे प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या जोडीचं, शास्त्र आणखी नाजूक. पॉइंट उघडले की त्यांच्यात अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी फट राहिली पाहिजे. ती मोजायची पट्टी चाचांकडून केव्हाच हरवली होती. त्यांनी घरातल्या लग्नपत्रिका मागवल्या. एकेक पत्रिका चिमटीत धरून, चोळून, बाजूला ठेवत गेले. सोनेरी जाड पत्रिका बघून म्हणाले, "ही नको, फट जास्त येईल." एक पातळ निघाली, "हिच्यानं पॉइंट चिकटतील." शेवटी आमच्या मावसभावाच्या लग्नाची पत्रिका पसंत पडली. चाचांनी ती कोपऱ्यात फाडली आणि मला धडा दिला, "फियाटला नेहमी मध्यमवर्गीय पत्रिका लागते."

पत्र्याचं काम निघालं तेव्हा कळलं, की ड्रायव्हरच्या पायाशी पत्रा सडून टोपलीएवढं भोक पडलंय. 18 वर्षं मांजर त्याच भोकातून ये-जा करत होती. गॅस वेल्डिंगनं ते बुजवलं, त्या दिवसापासून मांजर तीन दिवस गाडीसमोर बसून होती. हक्काचं घर गेलेल्या भाडेकरूसारखी.

मग रंग खरवडायला घेतला. पॉलिश पेपर पाण्यात बुडवायचा आणि घासायचं. वरती मळकट पिवळसर रंग, तो नानांनी 1993 साली ताईच्या लग्नासाठी दिलेला. त्याखाली फिका निळा, तो डॉक्टरांचा असावा. त्याखाली गर्द हिरवा, तो कारखान्याचा. बॉनेटवर मात्र भलतंच निघालं. एका शेजारी एक, ओळीनं, ताटाएवढे गोल पांढरे चट्टे. मी हबकलो, पत्र्याला कोड फुटलंय की काय! पेंटरनं बोटानं घासून पाहिलं आणि विचारलं, "साहेब, ही डिझाईन कुठली?" बायको दारातून शांतपणे म्हणाली, "पापडखार." 18 उन्हाळ्यांच्या बिबड्यांनी रंग खाऊन टाकले होते. पेंटरनं लांबी, म्हणजे पुट्टी, भरून ते बुजवलं, पण उन्हं तिरपी झाली की नव्या रंगातूनही ते गोल मला दिसतात. इतर कुणाला दिसत नाहीत म्हणे.

मागचं डावं दार मात्र वाचण्यासारखं नव्हतं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली, तेव्हा भंगारात दारं असणारच असा हिशेब करून मी कुर्ला गाठलं. दार मिळालं, टॅक्सीचं, काळं कुळकुळीत. येताना ते रेल्वेनं आणलं. जनरलच्या डब्यात इतर लोक दाराशी उभे होते, मी दार घेऊन उभा होतो. नंदुरबारला चढलेल्या एका म्हाताऱ्यानं बराच वेळ त्या दाराकडे आणि माझ्याकडे पाहिलं. मग खात्री करून घ्यायला हँडल ओढून पाहिलं, दुसऱ्या बाजूला मीच आहे हे बघून पुन्हा लावून घेतलं.

आखाजी आली. गाडी विटांवर, चाकं ओट्यावर, रेडिएटर मोरीत. बहीण रिक्षानं घरी आली. आमरस-सांजोरीचं जेवण झालं, गल्लीत पोरी झोक्यावर चढल्या, तशी बहीण म्हणाली, "माले नानानी गाडीमा बसनं से."

"चालू नाही ना अजून."

"मी कुठं चालू कर म्हटलं?"

ती पुढच्या सीटवर बसली. ही एकच लांबलचक सीट. नाना चालवायचे, मधे मी, खिडकीशी ती. तिनं दाराची तिकोनी काच उघडली. पूर्वी ती काच तिरकी केली की वारा थेट तोंडावर यायचा, त्यासाठी आम्ही भांडायचो. आता वारा कुठून येणार, गाडी विटांवर. तरी ती तोंड काचेशी नेऊन डोळे मिटून बराच वेळ बसली. उतरताना म्हणाली, "बेस से." आणि वर, "नाना याच्यापेक्षा जोरात चालवायचे."

मे महिन्यात गाडी चालू झाली. मंगळवार होता. चाचांनी बजावलं होतं, ऊन उतरल्यावर काढू. पण सहा महिने थांबलेल्या माणसाला चार तास निघत नाहीत. चोपडा रस्त्याला मंगळ ग्रह मंदिरात जाऊन नारळ फोडून येऊ, म्हणून भर दुपारी मी, बायको आणि चाचा निघालो. 1089 सीसीचं इंजिन काय गोड गात होतं! आप्पा शर्ट घालून, बटणंबिटणं लावून दारात उभे. जाणं झालं, नारळ झाला, येणं झालं. आणि गल्लीच्या तोंडाशी गाडीनं दोन उचक्या दिल्या आणि ती गप्प झाली.

"पेट्रोलची वाफ झाली," चाचा म्हणाले. पेट्रोलचा पंप इंजिनाला चिकटलेला. आमच्या उन्हात तो एवढा तापतो, की आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंप बिचारा नुसती वाफ ढकलत बसतो. इलाज एकच, पंपावर ओलं फडकं. "फडकं आणा, भिजवून!"

गाडी बंद पडली होती ती नेमकी मधल्या आळीतल्या काकूंच्या दारात. तिथे सहाजणी बिबडे करत बसलेल्या. ज्वारीचा गरम घाट ओल्या धोतरावर घ्यायचा, पाण्याच्या बोटांनी थापून पातळ करायचा आणि धोतर अलगद खाटेवर उलटं करायचं, असं जोरात चाललेलं. फियाट गेल्यापासून त्या बिचाऱ्या पुन्हा खाटेवर आल्या होत्या. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं आणि हातातलं धोतर पिळून खिडकीतून आत दिलं. धोतर ओळखीचं होतं. नानांचंच, बायकोनं उसनं दिलेलं.

चाचांनी ते पंपाला गुंडाळलं. चर्र झालं, बॉनेटखालून लसूण-जिऱ्याचा वास सुटला. पाच मिनिटांनी स्टार्टर मारला तर गाडी पहिल्या झटक्याला चालू. काकू म्हणाल्या, "वरतून वाळवत होतो, आता मधमा शिजाडाले लागनात का?" सहाहीजणी धोतराचे हात तोंडाला लावून हसल्या. आमची ही सर्वांत जास्त.

आता राहिला कागदांचा घोळ. पासिंग केव्हाच संपलेलं. मग कळलं, की 2021 च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे 50 वर्षांपुढची मूळ अवस्थेतली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. फी 20 हजार, मुदत 10 वर्षं. आमची नुकतीच पन्नाशीची झालेली. मी आनंदानं बायकोला नियम वाचून दाखवला. गाडी रोजच्या वापराला काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची.

"म्हणजे पेट्रोल भरायला न्यायची आणि दुरुस्तीला न्यायची," बायको म्हणाली. "नाना दुसरं काय करायचे?"

नानांच्या 22 हजारांच्या डोक्यावर आणखी 20 हजार ठेवायचे की नाही, हा प्रश्न अजून घरात लोंबकळतोय. टॅक्सीचं दार मूळ अवस्थेत धरतात का, हे विचारायची माझी हिंमत झालेली नाही. तोवर गाडी निंबाखालीच, चकचकीत, झाकून. तिच्यावर काही वाळत घालायला मी सक्त मनाई केली होती.

मेच्या शेवटी आभाळ भरून आलं. दोन दिवस ऊन नाही. आदल्या दिवशी आमच्या घरचे बिबडे केलेले, खाटेवर ओलेकच्च, कडेनं बुरशी धरायच्या बेतात. संध्याकाळी बायको अंगणात आली. गाडीवरची ताडपत्री तिनं स्वतः ओढून काढली, नव्या रंगावर नानांचं धोतर अंथरलं आणि त्यावर एकेक बिबडा मांडला. मी बघत राहिलो.

"बघताय काय?" ती म्हणाली. "चालू करा. अर्धा तास तरी राहू द्या, बॉनेट तापलं पाहिजे."

मी किल्ली घेऊन आलो, चोक ओढला आणि बसलो. समोर काचेपलीकडे काही दिसत नव्हतं, नुसते बिबडे. बाहेरून आप्पांचा आवाज आला, "काय भो, निंघनी का गाडी?"